लंगडणाऱ्या गाईचा आधी पाय उचला : नव्या दूध उत्पादकांसाठी खुरांची निगा

नवा गोठा उभा करणारा माणूस गाय घ्यायला जातो तेव्हा कास बघतो, चारही सड पिळून बघतो, दोन वेळची धार समोर काढायला लावतो. ‘हिला दावणीतून सोडा आणि दहा-बारा पावलं चालवून दाखवा’ असं म्हणणारा मात्र विरळा. पुढे दूध उतरतं, गाय माजावर येत नाही, आली तरी उलटते, आणि पैसा जातो तो कॅल्शियमच्या बाटल्यांवर. मूळ दुखणं मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत असतं आणि तिकडे कोणी बघितलेलंच नसतं.

दुधाच्या धंद्यात गाय हातची घालवणारी मोठी कारणं जगभर सारखीच आहेत : कासदाह, गाभण न राहणं आणि लंगडेपणा. पहिल्या दोन्हींवर आपल्याकडे शिबिरं होतात, मासिकांत लेख येतात. खुरांवर पशुवैद्यकांनी गेल्या पन्नास वर्षांत मोठं संशोधन केलं आहे, पण त्यातलं फार थोडं आपल्या गोठ्यापर्यंत पोचलं. आपला रिवाज अजून तोच : गाईने पाय धरला की फोन, डॉक्टर आले की इंजेक्शन. हा क्रम बदलला पाहिजे. आधी पाय उचलून बघायचा, काय झालंय ते ठरवायचं, मग औषध. पुढचं सगळं होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गाईंचा लहान-मध्यम गोठा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १ : खूर आतून कसं असतं

प्रत्येक पायाला दोन नख्या. नखीच्या आत पायाचं शेवटचं हाड असतं, आणि वरून येणारं सगळं वजन त्या हाडावरून आतल्या जिवंत थरावर येतं. बाहेरचं कठीण खूर हा जिवंत थरच तयार करतो. हाडाच्या खाली, टाचेच्या बाजूला चरबीची गादी असते. ती धक्का झेलते.

या गादीकडे संशोधकांचं लक्ष तसं उशिराच गेलं. २००९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रॉड्रिगो बिकाल्हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंड लावून गाईंच्या नख्यांतली गादी मोजली. जिची गादी पातळ, तिच्या तळव्याला व्रण होण्याचं प्रमाण जास्त निघालं. आणि जिच्या अंगावर मांस कमी, तिचीच गादी पातळ होती. व्यायल्यापासून ही गादी झिजत जाते आणि साधारण चार महिन्यांनी सर्वांत पातळ होते, असंही त्यांना दिसलं. लंगडी गाय रोडावते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो. रोडावलेली गाय लंगडते, ही दुसरी बाजू या कामातून समोर आली. म्हणून व्यायल्यावर गाय भराभर अंग सोडत असेल तर ती खुरांसाठीही धोक्याची घंटा समजा.

दुसरी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतं. आतल्या थराला आज इजा झाली तर तिची खूण तळव्याच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येऊन आपल्याला दिसायला दोन महिने जातात. गाय आज लंगडली म्हणून काल काय झालं ते आठवत बसू नका, दोन महिन्यांपूर्वी काय झालं ते आठवा. बहुतेक वेळा उत्तर निघतं : ती तेव्हा व्यायली होती. विण्याच्या आसपास हाडाला नखीत टांगून धरणारे बंध सैल पडतात, हे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासांनी दाखवलं. पहिलारू कालवडीत हे विशेष जाणवतं. त्याच काळात तिला कठीण कोब्यावर उभं ठेवलं तर इजा वाढते. पेंढ्याच्या जाड अंथरुणावर ठेवलेल्या कालवडी त्यातून बऱ्याच अंशी सावरतात.

पायरी २ : बघायला शिका

१९९७ साली मिशिगनमधल्या पशुवैद्यकांनी गाईच्या चालीला गुण देण्याची साधी पद्धत मांडली. ती आजही चालते, कारण तिला कुठलंही उपकरण लागत नाही. गाईच्या पाठीकडे बघायचं. उभी असताना आणि चालताना पाठ सरळ, तर १. उभी असताना सरळ पण चालताना कमान, तर २. दोन्ही वेळा कमान, तर ३. कमान आहे आणि एखादा पाय जपून टाकते, तर ४. पाय टेकायलाच तयार नाही, तर ५.

आपल्याकडे फोन येतो तो ४ किंवा ५ वर. काम सोपं असतं ते २ आणि ३ वर, जेव्हा मालक छातीठोक सांगतो की माझी एकही गाय लंगडत नाही. यात मालकाचा दोष नाही, रोज बघणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. इंग्लंडमध्ये ५३ गोठ्यांवर झालेल्या एका पाहणीत मालकांच्या अंदाजाने लंगड्या गाई सहा टक्क्यांच्या आत होत्या. संशोधकांनी एकेक गाय चालवून बघितली तेव्हा आकडा २२ टक्के निघाला.

उशीर किती महाग पडतो, याचा हिशेबही त्याच देशातून आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंगडलेल्या गाईचं एका वेतात सरासरी ३६० किलो दूध बुडालं. आणि दुधातली घट लंगडेपणा ध्यानात येण्याच्या चार महिने आधीपासूनच सुरू झालेली होती. लिटरला तीस रुपये भाव धरला तरी एका गाईमागे दहा हजारांच्या वर नुकसान होतं. औषधाचा आणि उलटलेल्या माजाचा खर्च त्यात धरलेला नाही.

गाई मोकळ्या असतील तर पंधरा दिवसांतून एकदा, धारेनंतर, सपाट आणि कोरड्या जागेवरून त्यांना एकेक करून जाऊ द्या आणि बाजूने बघा. घाई करू नका, हाकलू नका. हाकललेली गाय दुखणं लपवते.

दावणीला बांधलेल्या गाईचं काय? आपल्याकडचे बरेच गोठे असेच आहेत आणि चालीचे गुण तिथे देता येत नाहीत. त्यासाठी वेगळी निरीक्षणं आहेत, आणि मला ती फार उपयोगी वाटतात. धार काढायच्या आधी गाईच्या मागे चार-पाच हात लांब, गप्प उभे राहा. ती सारखी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकते का? एखादा पाय टोकावर ठेवून विसावते का? गटारीच्या काठावर नखीचा पुढचा भाग टेकवून टाच हवेत ठेवते का? आता तिला हळूच डावीकडे, मग उजवीकडे सरकवा. सरकताना एक पाय पटकन उचलते का? या चारपैकी दोन गोष्टी दिसल्या तर गाय लंगडी धरायची आणि तिचा पाय त्याच आठवड्यात उचलायचा.

पायरी ३ : पाय उचलताना

गाय पाडून खुरं काढण्याची जुनी पद्धत मोठ्या दुभत्या गाईसाठी सोडून द्या. पोट भरलेल्या गाईला आडवं पाडलं की पोट फुगायची भीती असते, आणि कासेला इजा होते ती वेगळीच. खोडा, म्हणजे गाय उभीच धरून ठेवणारी चौकट, वापरा. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुधा असतोच. दहापेक्षा जास्त गाई असतील तर लोखंडी पाइपांचा स्वतःचा खोडा करून घ्या, त्याचे पैसे फिटतात. पोटाखाली रुंद पट्टा, मागच्या पायाला घोट्याच्या वर मऊ दोर, आणि दोर आडव्या पाइपावरून असा घ्यायचा की सैल सोडला की पाय लगेच खाली जाईल. सकाळची गार वेळ, उपाशी किंवा हलकं पोट, खाली कोरडी जमीन. विण्याला महिनाभर उरलेल्या गाईला खोड्यात घालू नका. फारच दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पाय पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ धुवा. शेण चिकटलेल्या नखीत काहीही दिसत नाही. बघायची सुरुवात बेचकीपासून करा : दोन नख्यांमधली जागा, मग टाच, मग तळवा, मग कडा.

पायरी ४ : काय झालंय ते ओळखा

इथे वेळ द्या. उपचार वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला लावला की गाय आणि पैसा दोन्ही जातात.

सगळ्यांत आधी तळव्याचा व्रण, कारण गाई सर्वांत जास्त दिवस सोसतात तो हाच. तो जवळजवळ नेहमी मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत येतो. ही नखी आतल्या नखीपेक्षा मोठी होत जाते, कठीण जमिनीवर जास्त भार घेते आणि त्यामुळे आणखी वाढते. जागाही ठरलेली : तळवा संपून टाच सुरू होते तिथे, थोडी आतल्या बाजूला. वरून काहीच दिसत नाही. अंगठ्याने दाबलं की गाय पाय झटकते. सुरीने मेलेल्या खुराचा पातळ पापुद्रा काढला की खाली पिवळसर भाग लागतो. आणखी एक पापुद्रा काढला की लालसर डाग दिसतो, रक्त जिरल्यासारखा. हात इथेच थांबला तर बरं. डाग काळपट झालेला असेल, सुरीखाली पोकळ लागत असेल, तर त्यावरचं सैल खूर हळूहळू काढत गेल्यावर चण्याएवढा लाल, ओला मांसाचा उंचवटा उघडा पडतो. तोच व्रण. नखीतल्या हाडाच्या मागच्या टोकाने जिवंत थर वरून चेपून काढलेला असतो. हा जंतूंचा आजार नाही, भाराचा आजार आहे. यावर अँटिबायोटिकची पाच इंजेक्शनं देणं म्हणजे दूध आणि पैसे दोन्ही फेकणं. असे व्रण पुन्हा पुन्हा होणाऱ्या गाईंच्या त्या हाडावर नवी खडबडीत वाढ होते, हे नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी कापून आणलेल्या गाईंच्या नख्या तपासून दाखवलं. एकदा हाड बदललं की ती गाय जन्मभर धोक्यात. म्हणून पहिला व्रण लवकर पकडण्याला इतकं महत्त्व.

पांढऱ्या रेघेचा आजार कडेला सापडतो. तळवा आणि नखीची भिंत जिथे जुळतात तिथे पांढरट रेघ असते. ती दोन भागांना जोडणारी, खुरातली सर्वांत नाजूक जागा. खडी, अरुंद वाटेवरची तीव्र वळणं, घसरणं यांनी ती उकलते, तिच्यात माती आणि शेण शिरतं आणि आत पू होतो. काळी रेघ किंवा काळा ठिपका दिसला तर सुरीच्या टोकाने त्याच्या मागे जा. पू मोकळा झाला की गाय काही वेळा त्याच संध्याकाळी पाय टेकते. खिळा किंवा बाभळीचा काटाही याच तपासणीत हाती लागतो.

बेचकीतली सूज ओळखायला सोपी आहे. आदल्या संध्याकाळी ठणठणीत असलेली गाय सकाळी पाय टेकत नाही. खुराच्या वर दोन्ही बाजूंनी सारखी सूज, ताप, बेचकीत भेग आणि नाकाला झोंबणारी दुर्गंधी. यामागे फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा जंतू असतो. दगडाने किंवा चिखलाने कातडीला जखम झाली की तो आत शिरतो. इथे इंजेक्शनच लागतं आणि ते त्याच दिवशी लागतं. दोन-चार दिवस गेले तर सांध्यात पू उतरतो. पण नख्या न धुता, बेचकी न बघता सुजलेल्या प्रत्येक पायाला हेच इंजेक्शन देण्याची सवय वाईट.

टाचेवरच्या कातडीचा आजार म्हणजे डिजिटल डर्मटायटिस. तो इटलीतल्या केली आणि मोर्टेलारो यांनी १९७४ साली पहिल्यांदा नोंदवला. आज जिथे जिथे होल्स्टीन गाई बांधून पाळल्या जातात तिथे तो पोचला आहे. मागच्या पायाला, दोन टाचांच्या वरच्या खळगीत रुपयाएवढी लालभडक, ओली जखम. कडेला पांढरी रेघ आणि लांब केस. हात लावला की गाय उसळते. ट्रेपोनेमा नावाचे मळसूत्री जंतू कातडीत खोल जाऊन बसतात, म्हणून जखम वाळल्यासारखी दिसली तरी आजार संपलेला नसतो. ती पुन्हा लाल होते आणि इतर गाईंना लागण करते. ओल्या शेणातून तो पसरतो, आणि गोठ्यात येतो तो बहुतेक वेळा विकत आणलेल्या गाईच्या पायावरून. लोणी किंवा काष्टीच्या बाजारातून आणा, नाहीतर थेट पंजाब-कर्नाटकातून, नवी गाय गाडीतून उतरली की तिच्या टाचा धुऊन बघा आणि तीन आठवडे वेगळी ठेवा. तिचे पाय बघितलेल्या सुरीने दुसऱ्या गाईला हात लावायचा नाही.

लाळ्या खुरकूत याच्याशी गल्लत करू नका. एकाच वेळी अनेक जनावरं, ताप, तोंडातून लाळेच्या तारा, जिभेवर आणि बेचकीत फोड. हा विषाणूचा आजार आहे. खुरसाळणी (खुरं छाटणं) बंद, जनावरं वेगळी, आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. लस सहा महिन्यांतून एकदा. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत दिली जाते. लस टोचली की दोन दिवस दूध कमी होतं म्हणून ती टाळणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. हा आजार येऊन गेलेल्या गाईच्या नख्या कधी कधी सुटून येतात.

पायरी ५ : खुरसाळणी

जगभर जी पद्धत शिकवली जाते ती नेदरलँड्समधल्या टुसाँ राव्हेन या पशुवैद्यकांची. तिचं सूत्र साधं आहे : मागच्या पायाला आतली नखी सहसा निरोगी, म्हणून आधी तिला माप द्यायचं आणि बाहेरची तिच्या बरोबरीला आणायची. पुढच्या पायाला उलट, तिथे बाहेरच्या नखीपासून सुरुवात.

माप कुठून घ्यायचं? नखीच्या पुढच्या भिंतीवर केसांच्या खाली जिथे खूर कठीण होतं तिथून टोकापर्यंत. पुस्तकांत साडेसात सेंटिमीटर हा आकडा वर्षानुवर्षं छापला जात होता. २०१५ साली ब्रिटिश संशोधकांनी मोठ्या होल्स्टीन गाईंच्या नख्यांची मापं घेतली तेव्हा हा आकडा तोकडा निघाला. त्यांनी पूर्ण वाढलेल्या गाईला नऊ सेंटिमीटर ठेवायला सांगितलं. आपल्या संकरित गाई लहान-मोठ्या असतात. माझा सल्ला असा की साडेसातच्या खाली कधीच जायचं नाही, आणि मोठ्या अंगाच्या गाईला नऊच्या जवळपास राहू द्यायची. थोडी लांब राहिली तर पुढच्या वेळी काढता येते.

मापाला टोक कापल्यावर तळवा पातळ करायचा तो फक्त पुढून. टाच राखायची, आतल्या नखीची टाच तर अजिबात कापायची नाही. दर दोन-तीन पापुद्र्यांनंतर अंगठ्याने तळवा जोरात दाबा. दबला की सुरी खाली ठेवा. तळवा पाच ते सात मिलिमीटर जाड राहिलाच पाहिजे. पाच मिलिमीटरच्या खाली गेलेल्या तळव्याची गाय कोब्यावर चालूच शकत नाही, आणि असं नुकसान ग्राइंडरने अर्ध्या मिनिटात होतं. नवख्याने ग्राइंडरला हात लावू नये. आधी धारदार सुरी, कटर आणि कानस यांवर हात बसवा, आणि तेही कत्तलखान्यातून आणलेल्या पायांवर. जाणत्याच्या शेजारी उभं राहून चार-सहा गाई बघितल्याशिवाय जिवंत गाईला सुरी लावायची नाही.

दोन्ही तळवे एका पातळीत आल्यावर व्रणाची जी ठरलेली जागा वर सांगितली, तिथे आतल्या बाजूने हलकी खळगी करा, म्हणजे भार कडेच्या भिंतीवर जाईल आणि शेण अडकणार नाही. शेवटी टाचेचे सुटलेले, कुजके पापुद्रे काढा.

कधी करायची? गाय आटवताना एकदा आणि व्यायल्यावर दोन-तीन महिन्यांनी एकदा. नख्या वाढलेल्या दिसल्या म्हणून वर्षातून एकदा, बैलपोळ्याच्या आसपास सगळ्यांची एकदम, असं अनेक ठिकाणी चालतं. त्यापेक्षा गाईगणिक ठरवलेली वेळ बरी.

पायरी ६ : व्रण सापडला तर

बाजूची निरोगी नखी उंच करायची, म्हणजे दुखऱ्या नखीला विसावा मिळतो. यासाठी लाकडी किंवा रबरी ठोकळा खास चिकट रसायनाने निरोगी नखीच्या तळव्याला चिकटवतात. दुखऱ्या नखीवरचं सैल खूर काढून व्रणाच्या कडा उतरत्या करतात, जिवंत मांसाला धक्का लावत नाहीत, मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) भुकटी भरत नाहीत आणि सहसा पट्टीही बांधत नाहीत. ठोकळा महिन्याभराने तपासा. पडला नसेल तर सहा आठवड्यांच्या आत काढून टाका, नाहीतर चांगली नखी दुखावते.

२०१५ साली नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी नुकत्याच लंगडू लागलेल्या गाईंचे गट केले. काहींना फक्त खुरसाळणी, काहींना सोबत ठोकळा, काहींना वेदनाशामक, आणि काहींना तिन्ही. सर्वांत जास्त गाई बऱ्या झाल्या त्या तिन्ही मिळालेल्या गटात. पूर्वी वेदनाशामकाला वरवरचं औषध मानत, या प्रयोगाने ते उपचाराच्या मधोमध आणलं.

इथे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्या प्रयोगातलं वेदनाशामक होतं कीटोप्रोफेन. भारतात जनावरांसाठी ते २०२३ पासून बंद आहे, सोबत अ‍ॅसिक्लोफेनॅकही. डायक्लोफेनॅक तर २००६ सालीच बंद झालं, कारण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरत. गिधाडं जवळजवळ संपली ती यामुळेच. निमेसुलाइडवरही आता बंदी आली आहे. गिधाडांना सुरक्षित ठरलेलं मेलॉक्सिकॅम सहज मिळतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या आणि दूध किती दिवस बाजूला काढायचं ते विचारून घ्या. मेडिकलमधून माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या बाटल्या आणून गाईला टोचणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्याच परिसराचं नुकसान आहे.

पायरी ७ : गाय किती वेळ बसते

खुरांसाठी सर्वांत मोठं औषध म्हणजे बसणं. दुभती गाय दिवसाकाठी साधारण बारा तास बसली पाहिजे. बसल्या जागी नखीवरचा भार जातो, रवंथ होतो, कासेत रक्त जास्त फिरतं. दुपारी दोनला आणि रात्री अकराला गोठ्यात एक फेरी मारा. खाणं-पिणं झाल्यावरही निम्म्याहून जास्त गाई उभ्याच दिसल्या तर बसायची जागा चुकली आहे : कठीण आहे, ओली आहे, आखूड आहे किंवा उकडतंय. उन्हाळ्यात गाय अंग गार ठेवायला उभी राहते, म्हणून पंखे आणि फवारे हा खुरांचाही उपाय आहे.

बांधीव गोठ्यात कोब्यावर रबर मॅट टाकाच. पण मॅटखाली मूत साचतं, आठवड्यातून एकदा ती उचलून धुतली पाहिजे. मुक्त संचार गोठ्याने आपल्याकडे खूप गाईंचे पाय वाचवले, यात शंका नाही. मात्र जागा कमी पडली की पावसाळ्यात त्याच गोठ्याचा चिखल होतो. मोठ्या गाईला छपराखाली साडेतीन आणि उघड्यावर सात चौरस मीटर हे किमान धरा. जमीन उताराची करा, वर बारीक मुरूम दाबून घ्या. अणकुचीदार खडी गव्हाणीजवळ आणि पाण्याच्या टाकीजवळ येऊ देऊ नका, कारण गाय सर्वांत जास्त वळते ती तिथेच. पहिलारू कालवड व्यायच्या आधी तीन-चार आठवडे आणि व्यायल्यावर दोन महिने मऊ जमिनीवर ठेवता आली तर तिच्या पुढच्या सगळ्या वेतांना त्याचा फायदा होतो.

पायरी ८ : खाद्य

एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त गोळी पेंड किंवा मका भरडा देऊ नका, वाटून द्या. कुट्टी अगदी पीठ करू नका. लग्नाचा उरलेला भात, पुऱ्या, शिळ्या भाकरी गाईपुढे ओतू नका. त्याने पोटात आम्ल होऊन गाय दगावते, आणि वाचली तर खुरांतला जिवंत थर सुजतो. रोजच्या थोड्याशा आम्लाने किती गाई लंगडतात यावर संशोधकांत मतभेद आहेत, आणि जमिनीला, बसण्याला आता जास्त वजन दिलं जातं. मी स्वतः त्याच बाजूचा आहे. बायोटिन हे जीवनसत्त्व दिवसाला २० मिलिग्रॅम दिल्याने पांढऱ्या रेघेचा आजार कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं, पण सलग सहा महिने द्यावं लागतं. पंधरा दिवसांचं पाकीट देऊन काही होत नाही.

पायरी ९ : फूटबाथ

फूटबाथ म्हणजे गाईचे पाय औषधी द्रावणात बुडवणं. हा टाचेच्या कातडीच्या आणि बेचकीच्या आजारांसाठी आहे, तळव्याच्या व्रणाला याचा उपयोग नाही. धारेच्या वाटेवर तीन मीटरपेक्षा लांब हौद, म्हणजे प्रत्येक मागचा पाय दोनदा बुडतो, आणि निदान दहा सेंटिमीटर खोल द्रावण. शंभर लिटर पाण्यात पाच किलो मोरचूद. आधी पाय धुऊन घ्या, शेणाने द्रावण निकामी होतं. दहा-बारा गाईंसाठी हौद बांधायची गरज नाही. धारेला उभ्या असताना मागच्या टाचा धुवा आणि फक्त याच कामाला ठेवलेल्या हातपंपाने फवारा. धार पूर्ण झाल्यावरच, कासेवर उडू न देता.

वापरलेलं मोरचुदाचं पाणी शेणखताच्या खड्ड्यात किंवा ओढ्यात सोडू नका. तांबं जमिनीत साठत जातं आणि मेंढ्यांना ते फार थोड्या मात्रेतही विषारी असतं. धनगरांचे कळप ज्या शेतात बसतात तिथे तर हे पाणी चुकूनही जाऊ नये. मोरचुदाऐवजी फॉर्मलिन वापरणाऱ्यांनी हातमोजे आणि मोकळी हवा याशिवाय हात लावू नये. त्याने कर्करोग होतो, आणि उघड्या जखमेवर ते गाईला असह्य जळतं.

पायरी १० : वही

दोन रुपयांचं पान आणि पेन. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, व्यायल्याची तारीख, पाय कोणता, नखी आतली की बाहेरची, काय सापडलं, काय केलं, पुन्हा कधी बघायचं. मोबाइलवर धुतलेल्या तळव्याचा फोटो काढून ठेवला तर फारच छान, डॉक्टरांना सांगायला सोपं जातं. सहा महिन्यांनी वही उघडून आजारांची बेरीज करा. तळव्याचे व्रण जास्त निघाले तर बसायच्या जागेवर आणि व्यायल्यानंतर उतरणाऱ्या अंगावर खर्च करा. पांढऱ्या रेघेचे जास्त असतील तर गव्हाणीजवळची खडी, घसरडा कोबा आणि अरुंद वळण तपासा, कोब्यावर खाचा पाडून घ्या. टाचेच्या जखमा जास्त असतील तर दिवसातून शेण किती वेळा काढलं जातं ते बघा, आणि शेवटची विकत आणलेली गाय कोणती, तिच्या नावासमोर पहिली जखम कधी लिहिली आहे, ते तपासा.